भिंतीपलीकडचा पॅरलल फोन

बाबांनी मुलुंडचा मोठा ब्लॉक दादाच्या नावावर केला आणि त्याला लागून असलेला छोटा माझ्या. बाबा गेले आणि दादाने दोन घरांमधलं दार विटांनी बुजवून टाकलं. लग्न न झालेल्या बहिणीला ब्लॉक कशाला हवा, हा त्याचा प्रश्न होता. उत्तर द्यायला मी त्याची बांधील नाही. आई त्याच्याकडे राहिली, नातवंडांत तिचा जीव अडकलेला. माझ्याशी बोलायचं नाही, अशी तिला ताकीद होती. 'तुला जमत नाही,' असं म्हणून तिचा मोबाइलही त्याने काढून घेतला. जिन्यात भेटली तर सोबत वहिनी असायचीच.

मी अंधेरीच्या एका ऑफिसचं काम घरून करते. नेट अजून टेलिफोनच्या तारेवरूनच येतं, कारण फायबरची केबल कुठल्या भिंतीवरून न्यायची यावर सोसायटीत भांडणं चालू आहेत. सकाळी सगळं सुरळीत असायचं. दुपारची जेवणं उरकली आणि मी फोनवर कोणाशी बोलायला लागले की लाइनवर खरखर सुरू व्हायची, मॉडेमचा हिरवा दिवा लुकलुकायचा आणि विझायचा. ऑफिसात साहेब कुरकुरायला लागले.

टेलिफोनवाला पहिल्यांदा आला तेव्हा त्याने मॉडेम बदलला. दुसऱ्यांदा माझ्या फ्रिजवर खापर फोडलं. तिसऱ्यांदा मात्र मी मावशीशी बोलत असताना, नेमका दिवा विझला तेव्हाच आला. त्याने माझा फोन आणि मॉडेम काढून ठेवला, तारेला स्वतःचा टेस्टिंगचा फोन लावला आणि कान देऊन म्हणाला, "मॅडम, लाइनवर कोणीतरी आहे. पॅरलल दिलाय का कुठे?"

मी फोन त्याच्या हातातून घेतला. पलीकडे मिक्सर चालू होता. मग कोणीतरी खोकलं. तो खोकला मी लहानपणापासून ओळखते. आता दादाकडे असलेल्या आतल्या खोलीत बाबांनी याच नंबरचा दुसरा फोन घेतला होता. दार बुजवलं, पण चौकटीतली वायर विटांत तशीच राहिली होती.

"आई?"

"हळू बोल गं. तू फोनवर असलीस की ऐकत बसते मी. आज जेवलीस का?"

मी फोन कानाशी घट्ट धरला. टेलिफोनवाला मागून सांगत होता, त्या फोनला फिल्टर नाही, तो उचलला की नॉइज येतो, छोटीशी डबी लावली की काम झालं, दोन्ही चालतील. मी नको नको म्हणेपर्यंत हा शहाणा शेजारची बेल वाजवून मोकळा झाला.

पुढचं मी फोनमधूनच ऐकलं. दादाचा आवाज, "कोणाशी बोलतेस?" मग एक कडकडाट, आणि मग स्वच्छ, खरखर नसलेली लाइन. थोड्या वेळाने दादाने तो फोन तुटक्या वायरसकट माझ्या उंबऱ्यात आणून टाकला.

"घे. आता चालव तुझं नेट."

टेलिफोनवाल्याने मॉडेम पुन्हा जोडला. "झकास! नॉइज एकदम गेला. इथे सही करा."

मी सही केली. तेव्हापासून नेट एकदाही तुटलं नाही, साहेबही खूश आहेत. दुपारी मी अजून मावशीला फोन लावते, भिंतीकडे तोंड करून मोठमोठ्याने बोलते आणि मॉडेमकडे बघत राहते. तो मेला दिवा आता लुकलुकतही नाही.