राजकन्येच्या पलंगावर सुलाबाई

कुंडलच्या बाहेर, रस्त्याला लागून बाळासोंची जमीन होती. उसाला पाणी पाजून पाजून ती खारवली, काही उगवेना, म्हणून बाळासोंनी तिथं परीराज्य काढलं. लेकीकडं परदेशात गेले होते, तिथं असलं काहीतरी बघून आले होते. मूर्तिकार मात्र त्यांनी जवळचाच धरला. त्या माणसानं जन्मभर देवी आणि पैलवान यांच्याशिवाय काही घडवलं नव्हतं. त्यामुळं जलपरी नथ घालून, कपाळभर कुंकू लावून तळ्यात बसली, आणि तीन मजली राक्षस लंगोट कसून, मांडीवर शड्डू ठोकून उभा राहिला. त्याचे कानसुद्धा तालमीतल्या गड्यासारखे चेमटलेले. पोरं त्याला भीत नव्हती. गावातले वस्ताद जाता-येता त्याच्या पायाला हात लावायचे.

झोपलेल्या राजकन्येचा पुतळा टेम्पोतून उतरवताना कमरेत मोडला. उद्घाटन तोंडावर आलेलं. बाळासोंनी गावात निरोप धाडला, "दिवसभर पडून ऱ्हाणारं बाईमाणूस पायजे. काम काय न्हाई, झोपायचं."

गावातल्या पोरी हसल्या. सुलाबाई हसल्या नाहीत. त्या दुसऱ्या दिवशी सकाळीच दारात उभ्या.

सुलाबाई साठीला टेकल्या होत्या. तरुणपणी माधवनगरच्या गिरणीत रातपाळ्या केल्या, तेव्हा दिवसा पोरांनी झोपू दिलं नाही. पोरं मोठी झाली, तर नवरा फौजेतून हवालदार होऊन परत आला. नाथाजी पहाटे पाचला अंगणात शिट्टी मारायचे आणि सुलाबाई उठायच्या आत त्यांच्या अंगावरची वाकळ घडी करून ठेवायचे. दुपारी बाई जरा कलंडल्या की विचारायचे, "आजारी हायस का?"

"तुमाला राजकन्या व्हायचंय?" बाळासोंनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघत विचारलं.

"राजकन्येचं तुमी बघा. मी झोपते," सुलाबाई म्हणाल्या.

सोनेरी झालरीचा झगा त्यांनी साडीवरूनच चढवला, काचेच्या खोलीतल्या पलंगावर आडव्या झाल्या आणि डोकं टेकताच घोरायला लागल्या. बघणारे आधी हसले. मग हळूहळू सगळे कुजबुजत बोलायला लागले. कुणाची खरीखुरी झोप मोडायची म्हणजे पाप वाटतं.

अडचण राजपुत्राची झाली. शंभूराज नावाचा व्यायामशाळेतला पोरगा प्लास्टिकचा गुलाब घेऊन यायचा आणि म्हणायचा, "राजकन्ये, जागी हो." राजकन्या कूस बदलायची. त्यानं हात हलवून बघितला, हलगी वाजवून बघितली. गोष्ट रोज अर्धीच राहायला लागली, लोक कुरकुरायला लागले, आणि एक दिवस शंभूराज मुकुट तिकीटखिडकीत ठेवून पोलीसभरतीला निघून गेला.

बाळासो थेट नाथाजींच्या घरी आले. "आवं हवालदार, बाई उठत न्हाईत."

नाथाजी आधीच घुश्शात होते. बायको झोपायला कामावर जाते, हे चारचौघांत सांगायचं कसं? पण कुणी उठत नाही म्हटल्यावर त्यांच्यातला हवालदार खडबडून जागा झाला. बुटाला पालिश करून ते परीराज्यात आले आणि पलंगाजवळ उभं राहून त्यांनी शिट्टी मारली. सुलाबाई मिटल्या डोळ्यांनीच ताठ उठून बसल्या.

"च्या ठेवते," त्या म्हणाल्या.

लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्या दिवसापासून पिकल्या मिशांचे नाथाजी राजपुत्र झाले.

पुढं एका बाईचं किरकिरं पोर त्या काचेपाशी येताच गाढ झोपलं. ही बातमी पलूसपर्यंत गेली. लेकुरवाळ्या यायला लागल्या, मग झोप न येणारी म्हातारी माणसं आली, मग कारखान्यातला एक इंजिनिअर आला. सगळे सतरंज्या अंथरायचे आणि झोपायचे. सुलाबाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी परीराज्यसुद्धा कधी फिरून बघितलं नव्हतं. यायचं, झोपायचं, घरी जायचं.

एका रविवारी दुपारी मात्र अख्खं परीराज्यच झोपलं. तिकीटवाला तिकिटांवर डोकं ठेवून झोपला. भोपळ्यांचा चक्री पाळणा रिकामाच फिरत राहिला. बाळासो बोलक्या आरशासमोर खुर्चीत घोरत होते आणि आरसा त्यांच्याच टेप केलेल्या आवाजात त्यांना सांगत होता, "या पाव्हणं, लय भारी दिसताय!" नाथाजी पलंगाशेजारी बसल्या जागी झोपले. शिट्टी तोंडातच राहिल्यानं प्रत्येक श्वासाला ती बारीक वाजत होती.

शिट्टी जोरात वाजलीच नाही, तेव्हा सुलाबाई आपणहून जाग्या झाल्या. नवऱ्याकडं बघतच राहिल्या. लग्नापासून या माणसाला त्यांनी दिवसा झोपलेलं पाहिलं नव्हतं. त्या चोरपावलांनी बाहेर पडल्या.

तळ्यापाशी गेल्या, तर जलपरीची नथ भलत्याच नाकपुडीत. भोपळ्यात बसल्या, गरगरलं, उतरल्या आणि परत दुसऱ्या भोपळ्यात बसल्या. मग राक्षसाच्या गाडीकडं वळल्या. ही गाडी त्याच्या तोंडातून आत जायची आणि कानातून बाहेर यायची. गाडीवाला सावलीत पसरला होता. सुलाबाईंनी हिरवं बटण दाबलं आणि धावत जाऊन पहिल्या डब्यात बसल्या.

पोटात लाल दिव्यांच्या उजेडात राक्षसाचं जेवण मांडलं होतं: एक बैल, एक सायकल, ट्रॅक्टरचं चाक आणि सरपंचाची खुर्ची. सुलाबाई एकट्याच खदाखदा हसल्या. कानातून बाहेर आल्यावर चारी बाजूंचा ऊस दिसला. गाडी परत तोंडात शिरली. मग परत. थांबवायचं बटण खाली राहिलंय, हे त्यांच्या जरा उशिरा ध्यानात आलं. मग गाडी कानातून बाहेर आली की त्या ओरडायच्या, "आवं! आवं, उठा की!" आणि पुढचं वाक्य राक्षसाच्या तोंडात जायचं.

एवढ्यात वीज गेली.

गाडी पोटातच थांबली. गाणी, पंप, पाळणे, आरसा, सगळं एकदम गप झालं आणि त्या शांततेनं झाडून सगळे जागे झाले. बघतात तर पलंग रिकामा.

"राजकन्या गेली!" बाळासो ओरडले.

नाथाजींनी शिट्टी मारली, तान्ह्या पोरांसकट सगळ्यांना रांगेत उभं केलं आणि मोजायला सुरुवात केली. तेवढ्यात राक्षसाच्या पोटातून बायकी आवाज आला, "आवं, हिकडं हाय मी!"

एका वस्तादानं हात जोडले. "पैलवानाच्या अंगात देवी आली!"

नाथाजी बॅटरी घेऊन राक्षसाच्या तोंडातून आत गेले. सुलाबाई पहिल्या डब्यात बसून होत्या.

"उठ," ते म्हणाले.

"जागीच हाय मी."

ते शेजारी बसले.

"तुमी झोपला व्हता," सुलाबाई म्हणाल्या.

"न्हाई. डोळं मिटलं व्हतं."

"शिट्टी वाजत व्हती."

नाथाजींनी शिट्टी खिशात टाकली. मग बैलालाही ऐकू जाणार नाही अशा बेतानं हळूच म्हणाले, "सुले, झोप अशी असती व्हय गं? मला कुणी सांगितलंच न्हाई कवा."

सुलाबाईंनी त्यांचा तिरपा झालेला मुकुट सरळ केला. वीज आली आणि दोघं कानातून बाहेर पडले. खाली लोकांनी शिट्ट्या मारल्या. त्यांना वाटलं, नवा खेळ आहे.

दुसऱ्या दिवशी सुलाबाईंनी बाळासोंना सांगितलं, "माझी झोप झाली." आता त्या राक्षसाची गाडी चालवतात. पलंगावर झगा घालून नाथाजी झोपतात. त्यांना उठवायला कुणीच येत नाही आणि आता लोकही त्याचा आग्रह धरत नाहीत.

परवा मेढ्याहून आलेल्या एका मुलीनं आईला विचारलं, "आई, राजकन्येला मिशा कशा?"

"शंभर वर्सं झोपल्यावर येत्यात," आई म्हणाली, आणि मुलीला पुढच्या पाळण्याकडं घेऊन गेली.