जेवणघरातल्या खुणा

सिस्टरांच्या आश्रमाचं संग्रहालय झालंय, हे कळल्यापासून मला दम निघेना. शेवटच्या दोघी म्हाताऱ्या सिस्टर सोलापूर सोडून गेल्या तेव्हा तिथं कुलूप लागलं होतं. तिथल्या स्वयंपाकघरात माझ्या आईनं तीस वर्षं भाकऱ्या थापल्या. शाळा सुटली की मी तिथंच जायची, त्यामुळे अर्धं बालपण त्या चुलीपाशी गेलं.

होटगीहून निघताना आई ठेवणीतलं इरकल नेसली आणि वाटेत तिनं तीनदा विचारलं, "माझं काय ठिवलंय का गं तितं?" असणारच, असं मी ठोकून दिलं.

आत जपमाळा होत्या, प्रार्थनेची पुस्तकं होती, आश्रमाच्या प्रमुख मदरचा चष्मा होता. आमची पीठ मळायची काठवटसुद्धा काचेत! प्रत्येक सिस्टरचा फोटो, खाली माहिती. स्वयंपाकिणीचा मात्र कुठं उल्लेख नाही. माझं डोकंच फिरलं. आई एवढंच म्हणाली की काठवटीची तडा गेलेली बाजू पुढं ठेवलीय.

मग जेवणघर आलं. सिस्टर जेवताना बोलत नसत. हवं ते हातानं खुणावत. वाढणाऱ्या आईलाही तिथं तोंड उघडायची मनाई. त्या खुणांचे फोटो आता भिंतीवर ओळीनं लावले होते. एका फोटोत सिस्टरनं तळहातावर तळहात ठेवला होता. खाली लिहिलं होतं, ‘अन्नाबद्दल कृतज्ञता’.

आई फिसकन हसली. "कृतज्ञता कसली? भाकरी मागालीय ती."

माहिती सांगणारी मुलगी वही घेऊन धावत आली. मग आई सुटलीच. ही ताकाची, ही शेंगाचटणीची, ही ‘पुरे’ची. मला तर सगळं पाठ! आमच्या घरी अजून ह्याच खुणा चालतात. सासरी पहिल्या पंगतीत मी खुणेनं ताक मागितलं तेव्हा सगळे बघतच राहिले होते. आईच्या आधी उत्तर द्यायची माझी धडपड बघून ती मुलगीही हसायला लागली.

शेवटच्या फोटोत मदरनं एका हाताच्या बोटांनी दुसरं मनगट वेढलं होतं. खाली, ‘अर्थ माहीत नाही’. ही खूण मलाही येत नव्हती. घरी ती कधी लागलीच नव्हती.

आई आपल्या हिरव्या बांगड्यांवरून हात फिरवत राहिली.

"समद्या सिस्टरांचं हात मोकळं," ती म्हणाली. "बांगड्या माझ्याच हातात की. ही मला बोलवायची खूण हाय."

मला इतका आनंद झाला की रडूच आलं. मुलगी फोटोखालची चिठ्ठी काढायला लागली. आई पदर सारखा करून फोटोपुढं उभी राहिली, आणि जिथं तीस वर्षं ओ द्यायची सोय नव्हती तिथं मोठ्यानं म्हणाली, "आले की, मदर."