राइट आउटची उतरण

आमच्या किनाऱ्यावर फुटबॉलमध्ये जे काही नवं झालं ते आमच्या आतोबांनी केलं, आणि आतोबांनी जन्मात एकदाही चेंडूला पाय लावला नव्हता. हे वाक्य मी आजवर पुष्कळांना ऐकवलं आहे. ऐकणारे पहिल्या भागाला हसतात, दुसऱ्या भागाला अधिक हसतात आणि मला दोन्ही वेळा त्यांचा राग येतो. साठ-पासष्टच्या त्या काळात ज्यांनी आतोबांचा संघ खेळताना पाहिला ते हसणार नाहीत. अर्थात तेव्हा तेही हसत होते, हा भाग वेगळा.

आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. पालघरच्या पश्चिमेला, समुद्राकाठच्या गावात त्यांचा पानमळा होता. माझे वडील वैतरणा स्टेशनात नोकरीला. रेल्वेच्या दोन खोल्यांत आम्ही सहा भावंडं, म्हणून मॅट्रिक झाल्यावर पालघरच्या कचेरीत कारकुनी लागली तशी माझी रवानगी आत्याकडे झाली. विड्याच्या पानांच्या करंड्या पालघरहून मुंबईला जात आणि आठवड्यातून एकदा करंड्यांसोबत आतोबाही जात. तिथल्या व्यापाऱ्याच्या दुकानासमोर एक मैदान होतं. पानांचा व्यवहार अर्ध्या तासात उरकून आतोबा उरलेला दिवस मैदानाच्या कुंपणाला टेकून उभे राहत. एकदा तिथून त्यांनी चामड्याचा चेंडू विकत आणला. आणला तो पानांच्या करंडीत, ओल्या केळीच्या पानात गुंडाळून, आणि घरी आल्यावर तीन दिवस त्यावर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडलं. करंडीतली वस्तू ताजी राहायला पाणी लागतं, एवढं त्यांना ठाऊक होतं. त्या पाण्याने चेंडू असा जड झाला की पहिल्या सामन्यात डोक्याने मारणारे दोघेजण संध्याकाळी जेवले नाहीत.

त्यांची शिकवण्याची तऱ्हा सगळी मळ्यातून आलेली. पानमळ्यात चपला घालून शिरत नाहीत, ही पूर्वापार चाल. तेव्हा मैदानावरही पायात काही घालायचं नाही. वेलांच्या दोन ओळींमधली वाट जेमतेम हातभर. त्या वाटेने आम्ही चेंडू पायात घेऊन धावायचं आणि ज्याच्या अंगाला लागून पान फाटेल त्याला त्या दिवशी चहा नाही. सरावाची वेळ घड्याळावर नसे, ओहोटीवर असे, कारण आमचं मैदान म्हणजे पाणी हटल्यावर उघडी पडणारी वाळू. शिट्टी त्यांना आवडत नसे. रॉकेलचा रिकामा डबा मांडीशी धरून त्यावर ते लोखंडी अडकित्ता आपटत. एक ठोका म्हणजे पुढे जा, दोन म्हणजे मागे या. सामन्याआधी ओटीवर पानाच्या तबकात अकरा सुपाऱ्या मांडून ते संघ समजावून सांगत आणि एखाद्याला वगळायचं ठरलं की त्याची सुपारी उचलून कातरून खाऊन टाकत. हरकत घ्यायला तो मनुष्य तोंड उघडेपर्यंत त्याची जागा आतोबांच्या गालात गेलेली असे.

त्या तबकात माझी सुपारी सर्वांत पुढे, उजव्या कडेला असे. मी राइट आउट होतो. स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण माझ्याइतका वेगवान राइट आउट डहाणूपासून वसईपर्यंत नव्हता, असं निदान आमच्या गावाचं मत होतं. सामना असला की बाया वाळूवर मासळी पसरायची सोडून माझ्या बाजूला येऊन उभ्या राहत. मी केस मागे फिरवून धावत असे. केस मागे फिरवल्याने वेग वाढतो, अशी माझी समजूत होती.

एका संध्याकाळी आतोबांनी ती सुपारी उचलली. ती त्यांनी तोंडात टाकली नाही, तबकाच्या मागच्या टोकाला, गोलकीपरच्या सुपारीशेजारी ठेवली आणि म्हणाले, "आजपासून तू बॅक."

आज बॅकही पुढे धावत जातात, त्यामुळे कुणाला याचं दुःख कळणार नाही. त्या काळी बॅक म्हणजे ज्याला धावता येत नाही, पण ज्याला हलवताही येत नाही असा इसम. आमचे दोन्ही बॅक नारळाच्या झाडासारखे एका जागी उभे असत. बॅकने मधली रेघ ओलांडली तर लोक त्याला वाट चुकला समजून परत पाठवत. मी दोन दिवस जेवताना बोललो नाही. आत्याने माझी बाजू घेऊन आतोबांच्या ताटात भात कमी वाढला. तो त्यांनी पुन्हा मागून घेतला.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला मळ्यात नेलं. तिथे वेलांची उतरण चालली होती. पानवेल आधाराच्या टोकाला पोचला की त्याची पानं बारीक पडत जातात. मग तो अलगद सोडवून खाली घेतात, त्याच्या पानं नसलेल्या खोडाचं वेटोळं बुंध्याशी मातीत पुरतात आणि फक्त शेंडा वर ठेवतात. वेल तिथून पुन्हा चढतो आणि तळहाताहून मोठी पानं देतो. आतोबांनी गड्याच्या हातातला एक वेल स्वतःकडे घेतला, बोलता बोलता त्याचं वेटोळं घातलं.

"तू टोकाला पोचलेला हायस," ते म्हणाले. "तिथं त्यांचा बॅक तुझ्या अंगाला चिकटून उभा. तुला वेग हाय, पन धावायला जागा नाय. मागून सुटलास तर तुला चाळीस पावलं मोकळी, आनि तू येतोयस हे कुनाच्या ध्यानातबी नाय."

मी काही वेल नाही, असं मी ताडकन म्हणालो.

"वेल निदान ऐकतो तरी," आतोबा म्हणाले आणि माती लोटू लागले.

त्याच सुमारास तारापूरला अणुवीज प्रकल्पाचं बांधकाम चाललं होतं आणि तिथल्या वसाहतीचा संघ साऱ्या भागात नावाजला होता. बूट घातलेले, एकसारख्या सदऱ्यांचे, कुणी केरळचे, कुणी कलकत्त्याचे. त्यांचा कप्तान एक बंगाली ड्राफ्ट्समन होता. त्याने मला पूर्वी वाळूवर धावताना पाहिलं होतं. बोईसर स्टेशनावर भेट झाली तेव्हा तो सरळ म्हणाला, "हमारे साथ खेलो, राइट आउट की जगह खाली है." मी विचार करतो म्हणालो. खरं तर विचार करण्यासारखं फारसं काही नव्हतं. माझ्या पायांना ते बूट मनातल्या मनात बसलेही होते.

इकडे गावाच्या मंडळाचे अध्यक्ष, निवृत्त पोस्टमास्तर, आतोबांवर आधीच खार खाऊन होते. डबा वाजवणाऱ्या माणसाच्या हाती गावाची अब्रू किती दिवस ठेवायची, असं ते उघड विचारत. सर्वांत वेगवान पोराला मागे नेऊन उभं केल्याचं कळलं तेव्हा त्यांनी निर्वाणीचं सांगितलं : वसाहतीच्या संघाशी सामना ठरला आहे, तो हरलो तर दुसऱ्या दिवसापासून संघ हायस्कुलाच्या ड्रिलमास्तरांकडे. त्यांच्याकडे शिट्टी होती.

हे ऐकून मला वाटलं, आता आतोबा मला पुढे आणतील. उलट त्यांनी मला ओटीवर बोलावलं. बंगाली कप्तानाची गोष्ट त्यांच्या कानावर गेली होती, बोईसर स्टेशनात कुणी शिंकलं तरी ती बातमी परतणाऱ्या रिकाम्या करंड्यांबरोबर गावात येई. त्यांनी तबकातली माझी सुपारी उचलून माझ्या तळहातावर ठेवली. "ही मी खानार नाय," ते म्हणाले. "जायचं तर जा, राग नाय. ऱ्हायलास तर बॅक."

एवढं बोलून ते मळ्यात गेले. मी ओटीवर बसून राहिलो. ज्या माणसाचा संघ जाणार होता त्याने मला मोकळं सोडलं होतं, आणि नेमका त्यामुळेच मी अडकलो. अर्ध्या तासाने मी ती सुपारी तबकाच्या मागच्या टोकाला नेऊन ठेवली. मी राहिलो, पण हसतमुखाने राहिलो असं कुणी समजू नये.

सामना तारापूरला त्यांच्या मैदानावर झाला. आतोबा डबा आणि अडकित्ता घेऊन कडेला बसले. पहिला ठोका पडला आणि मी मागून निघालो. खरंच कुणी अंगावर आलं नाही. त्यांचा बॅक आमच्या नव्या राइट आउटला धरून उभा होता आणि मी त्या दोघांच्या शेजारून निघून गेलो. मला इतका आनंद झाला की मी पुढेच रेंगाळलो. दोन ठोके पडले, पुन्हा दोन पडले. मी केस मागे फिरवत होतो. माझ्या रिकाम्या जागेतून त्यांचा लेफ्ट आउट गेला आणि गोल झाला. अध्यक्ष उठून उभे राहिले आणि त्यांनी ड्रिलमास्तरांकडे पाहिलं.

मध्यंतरात मी आतोबांसमोर मान खाली घालून उभा राहिलो. ते रागावले नाहीत. "गेलास ते बरोबर," ते म्हणाले. "आला नायस ते चूक. जितकं जाशील तितकं परत यायचं."

दुसऱ्या अर्ध्यात मी किती वेळा गेलो आणि आलो ते मला ठाऊक नाही. पंचांनी एकदा येऊन डबा बंद करायला सांगितलं. तोवर मला ठोक्यांची गरज उरली नव्हती. माझ्या एका उंच चेंडूवर आमच्या हरेश्वरने, म्हणजे मच्छीमार आळीतल्या सेंटर फॉरवर्डने, डोक्याने बरोबरी केली. पुढे तशाच दुसऱ्या चेंडूवर त्यानेच गुडघ्याने गोल केला. कशाने केला हे त्यालाही नंतर सांगावं लागलं. शेवटच्या काही क्षणांत मी पुढे असताना त्यांनी चेंडू हिसकावला आणि त्यांचा लेफ्ट आउट पुन्हा सुटला. मी वळलो. त्या वेळी मी जसा धावलो तसा राइट आउट असताना कधीच धावलो नव्हतो, कारण तेव्हा मला कुठे पोचायचं नसे, फक्त धावायचं असे. आमचा गोलकीपर चकला होता. रेघेवरून चेंडू मी अनवाणी पायाने बाहेर मारला आणि तसाच गोलपोस्टवर जाऊन आदळलो.

आम्ही जिंकलो. लोकांनी हरेश्वरला खांद्यावर घेतलं, ते योग्यच होतं. अध्यक्षांनी ड्रिलमास्तरांशी बोलणं अर्ध्यावर सोडून मला बॅक करण्याचा प्रयोग मुळात मंडळाचा असल्याचं जवळच्या लोकांना सांगायला सुरुवात केली. मी कपाळाला ओला रुमाल धरून आतोबांपाशी बसलो होतो. तेवढ्यात तो बंगाली कप्तान आला. माझ्याकडे बोट दाखवून त्याने आतोबांना विचारलं, हा नक्की कुठल्या जागी खेळतो, कधी पुढे दिसतो, कधी मागे.

आतोबा उठले. मी त्यांना अनोळखी माणसाशी बोलायला असं उठताना कधी पाहिलं नव्हतं. माझ्या खांद्यावर हात ठेवून आपल्या मळ्यातल्या हिंदीत ते म्हणाले, "बॅक है. ये हमारा बॅक है."

दोन महिने ज्या शब्दाने मी तोंड लपवत होतो, तो त्यांनी असा उच्चारला की मी बसल्या जागी ताठ झालो.

दोन वर्षांनी माझी बदली झाली. आतोबा जाऊनही आता पुष्कळ वर्षं लोटली. संघ शेवटपर्यंत त्यांच्याकडेच राहिला. पुढे लोकांनी माझी नाना तऱ्हांनी ओळख करून दिली : हेडक्लार्क, अमक्यांचे जावई, तमक्यांचे व्याही, एकदा तर हार घालून प्रमुख पाहुणे. मी प्रत्येक वेळी नमस्कार केला. पण खांद्यावर हात ठेवून, माझ्यासाठी उभं राहून, हा आमचा म्हणून मला पुन्हा कुणी सांगितलं नाही.