बिस्किटाच्या डब्यातल्या चान्या

गाव सोडलं त्या सकाळी आईनं एसटीच्या खिडकीतून एक गाठोडं माझ्या मांडीवर टाकलं. "दमानं खा. वर्साचं हाय." आत चान्या होत्या. म्हणजे मटणाच्या लांब, पातळ पट्ट्या, मीठ-हळद चोळून दोरीवर वाळवलेल्या. आमच्या माणदेशातलं चैत्राचं ऊन मटण असं वाळवतं की काटकीसारखं मोडावं लागतं.

लालबागच्या चाळीत एका खोलीत आम्ही अकरा गिरणी कामगार. फडक्यातलं मटण बघून कुणी हसेल, म्हणून मी ते बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात घट्ट कोंडलं आणि डबा ट्रंकेत लपवला. पावसाळ्यात उघडला तर नुसती बुरशी. गुपचूप केरात टाकलं आणि आईला लिहिलं, "चान्या झकास. आणखी पाठव." आईला वाचता येत नसे. मास्तर पत्र ओट्यावर मोठ्यानं वाचत, सगळी आळी ऐके. पुढच्या वर्षी तिनं दुप्पट पाठवल्या. त्याही कुजल्या. पत्रात त्याही झकासच होत्या.

तिसऱ्या वर्षी गाठोडं घेऊन आई स्वतःच आली. दुसऱ्या दिवशी संयुक्त महाराष्ट्रासाठी हरताळ. गिरण्या बंद, बाजार बंद, सगळे खोलीत. आईनं छताकडे पाहिलं. "हितं चूल न्हाई, धूर न्हाई. टांगतोस कुठं?"

खोटं सुचेना. दहा जणांसमोर दोन्ही वर्षांचं सांगून टाकलं.

"डब्यात कोंडलंस? तुला कोंडलं तर तू तरी टिकशील का रं?" खोली हसली, आईही हसली. मग हळूच म्हणाली, "तुझ्या धाकट्या बहिणीला दोन वर्सं नुसता रस्सा वाढला. फोडी तुझ्यासाठी वाळवल्या."

खाली खानावळ चालवणाऱ्या मालवणी मावशीला कळलं तेव्हा ती माझ्यावरच उखडली. "मेल्या, माका सांगूक काय झाला तुका? माझी चूल काय विझली होती?" तिनं तिथल्या तिथं चुलीवर तार बांधली आणि निम्म्या चान्या धुरात टांगल्या. उरलेल्या चान्या आईनं निखाऱ्यावर भाजून कुटल्या, मावशीनं खोबऱ्याच्या वाटणात शिजवल्या. रस्त्यावर घोषणा चालू होत्या आणि आमच्या खोलीतली पोरं ताटं पुढं करत होती. एकजण म्हणाला, "आई, हरताळ आठवडाभर चालू दे!"

निघताना आई एवढंच बोलली, "आता बिगडलेलं बी लिवत जा."

तेव्हापासून लिहीत आलो. आज आई नाही. प्रभादेवीच्या माझ्या घरात फ्रीज आहे, आणि मी भला माणूस आहे असं शेजाऱ्यांना वाटतं. गावी मात्र धाकटी बहीण आहे. मी गेलो की ती बोकडाचं मटण करते, माझ्या ताटात आधी नुसता रस्सा ओतते, फोडी स्वतःकडे ठेवते आणि विचारते, "कसा झालाय, दादा?"

"झकास," मी म्हणतो.

मग ती हसून पातेलं माझ्याकडे सरकवते. माझा गुन्हा ठाऊक असूनही मला जेवायला बसवतात, असं घर मला तेवढं एकच आहे.