गेणूच्या कानांची तपासणी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना तर नाहीच. सांगायचं ठरवलं की काहीतरी काम निघायचं — किंवा मी काढायचो, हे जास्त खरं. आता ऐंशी ओलांडली. गेणूला जाऊनही बरीच वर्षं झाली. मग अजून गप्प राहायचं ते कुणासाठी? तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणून बहुधा जमतंय.

आमचं गाव मुळशीत, पौडच्या अलीकडे. एकोणीसशे साठनंतरची दोन-चार वर्षं धरा. गावात ढोल-लेझमाचं पथक होतं आणि मी त्याचा म्होरक्या. म्हणजे शिट्टी माझ्या तोंडात आणि फेट्याचा तुरा सगळ्यांत उंच माझा, एवढंच. पथक चालायचं ते गेणूच्या ताशावर. ताशानं चाल बदलली की ढोल बदलायचे, ढोलांमागून लेझीम. गेणू माझ्याच वयाचा. दुसरीपर्यंत एका पाटावर बसलो, मग त्याची शाळा सुटली. ताशा त्याला चुलत्यानं शिकवला. पोराला पालथं निजवायचा, पाठीवर बोटांनी चाल वाजवायचा, आणि गेणूनं ती तशीच जमिनीवर वाजवून दाखवायची.

त्या वर्षी पुण्यातल्या एका मोठ्या मंडळाचं गणपतीच्या मिरवणुकीसाठी बोलावणं आलं. मी नवा फेटा घेतला. आणि नेमका त्याच दिवसांत गेणू मला म्हणाला, "किसनदा, कानात रातकिडं वरडत्यात रं. ताशा थांबला तरी थांबत न्हाईत."

"रातकिडं न्हाईत, तुजी बायकू आसंल," मी म्हणालो. तोही हसला.

मला खरंच कळलं नव्हतं का? कळलं होतं. मागून हाक मारली तर तो वळत नव्हता. सराव करताना माझ्या गालांकडे बघत राहायचा — शिट्टी ऐकू येत नव्हती म्हणून, ते फुगताना बघत होता.

मग पुण्याहून एक डॉक्टर आले. वाजवणारी माणसं कशी शिकतात, वर्षानुवर्षं वाजवून त्यांच्या हाता-कानांचं काय होतं, मनाचं काय होतं, याचा ते अभ्यास करत होते. ढोलवाल्यांचा कुणी अभ्यास करतं, याचंच आम्हाला नवल. शाळेच्या खोलीत एकेकाला बोलवून खांदे दाबायचे, मनगटं फिरवायचे. मिरवणुकीआधी छाती धडधडते का, असंही विचारायचे. म्हादू ढोलवाला म्हणाला, "धडधडती की. पर एकदा टिपरू पडलं की कुटली छाती आन् कुटलं काय!" डॉक्टर मनापासून हसले होते.

आधीच त्यांनी सगळ्यांना एक सांगून ठेवलं होतं. कान बिघडायला लागला असेल त्यानं वाजवणं थांबवावं. गेलेलं परत येत नाही, पण उरलेलं वाचतं. हे मी ऐकलं होतं. नीट ऐकलं होतं.

शाळेकडे जाताना गेणू म्हणाला, "सांगून टाकतो मी डाक्टरास्नी."

मी म्हणालो, "मिरवणूक हून जाऊ दे. मंग मीच नेतो तुला पुण्याला."

"आन् त्यास्नी कळलं तर?"

"मी हाय न्हवं?"

कानाची तपासणी साधी होती. माणसाला दाराकडे तोंड करून बसवायचं आणि डॉक्टरांनी पाठीमागून कुजबुजत एक ते पाचमधले आकडे म्हणायचे. ऐकू आलेला आकडा त्यानं मोठ्यानं सांगायचा. माणसं आत-बाहेर सोडायला मी दारात उभा होतो, गेणूच्या बरोबर समोर. त्याच्या आडून डॉक्टरांना माझा हात दिसत नव्हता.

मी बोटं दाखवली.

मागे ते "चार" म्हणाले, मी मांडीवर चार बोटं टेकवली, गेणू म्हणाला, "चार." असे सगळे आकडे. एकही चुकला नाही. "ताशेवाल्याचा कान इतका शाबूत? कमाल आहे," डॉक्टर म्हणाले आणि तसं लिहून घेतलं. गेणू माझ्याकडे बघून हसला. मी त्याला वाचवलं, असं त्याला वाटलं होतं.

म्हादू दोन-तीन आकडे चुकला, त्याला मात्र त्यांनी वाजवणं सोडायला लावलं. तो कुरकुरला, पण त्यानं सोडलं. म्हातारपणीही त्याला ओसरीवरून गल्लीतलं बोलणं ऐकू यायचं.

मिरवणूक झकास झाली. मग दसरा आला, मग गावची जत्रा, मग पुढचा गणपती. पुण्याला मी त्याला कधीच नेलं नाही. तो विचारायचा, मी म्हणायचो, एवढं हून जाऊ दे. पुढं त्यानं विचारणं सोडलं.

तिसऱ्या वर्षी भर मिरवणुकीत मी शिट्टी मारली आणि पथक जागच्या जागी थांबलं. गेणूचं लक्ष गर्दीकडे होतं. त्याचा एकट्याचा ताशा तडतडत राहिला. लोक हसायला लागले. मंडळाच्या एका माणसानं मला विचारलं, "घेतलीय का यानं?"

काय म्हणायला हवं होतं मी? मी म्हणालो, "आसंल घेतली थोडी."

गेणूनं जन्मात दारूला हात लावला नव्हता.

पुढच्या वर्षी त्याला पथकात घेतलं नाही. ताशेवाला दारूनं वाया गेला, असं गावभर झालं. कुणी त्याच्याकडे बघून हळू काही बोललं तर त्याला ते कळत नव्हतं. त्याच्या बायकोला, वहिनीला, कळत होतं. माझ्या दारावरून जाताना ती पदर पुढं ओढून घ्यायची. काही वर्षांत गेणूला काहीच ऐकू येईना. ताशा त्यानं मेव्हण्याला देऊन टाकला.

एकदा, आम्ही दोघंही पिकल्यावर, सकाळी दूध घालायच्या जागी तो बाकावर बसलेला दिसला. मी शेजारी बसलो. तोंड त्याच्या कानाशी नेऊन म्हणालो, "गेणू, माजं चुकलं."

त्यानं कानामागं हात धरला. "आँ? मोट्यांदा बोल की!"

पुन्हा म्हणालो, जरासं मोठ्यानं. "काय कळंना बाबा," तो म्हणाला, "वरड जरा." रांगेतली चार-पाच माणसं किटल्या हातात धरून आमच्याकडे बघायला लागली. दुसरीपर्यंतची अक्षरं तो केव्हाच विसरला होता, लिहून देणं शक्य नव्हतं. ओरडूनच सांगावं लागणार होतं. मिरवणुकीत गर्दीच्या वर जाणारा आवाज होता माझा. तेवढा अजूनही निघाला असता.

"म्हस किती दूध देती?" मी ओरडलो.

त्यानं तीन बोटं दाखवली.