बाबांच्या गाडीचं टेंगूळ

ज्यांनी बाबांच्या मोटरसायकलला ग्राइंडर मारला, त्यांनी ही पोस्ट पूर्ण वाचावी. मग मला खुशाल अनफ्रेंड करावं.

आज बाबांचं वर्षश्राद्ध झालं.

सकाळपासून त्यांच्या गाडीचे फोटो फिरतायत. 'लेजंड परत आला.' 'काय फिनिश आहे भावा!' खाली आगीच्या इमोजी, आणि मधेच कुणाचं तरी 'ओम शांती काका'.

किळस आली मला. खरंच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बाबा हडपसरला एका मोटरसायकल कंपनीत इन्स्पेक्टर होते. फ्रेमचे वेल्ड, म्हणजे पाइपांचे जोड, बघायचे, पास की रिजेक्ट ते सांगायचं. नोकरीभर हेच काम.

कंपनी बंद पडली, बाबांचं इन्स्पेक्शन काही बंद पडलं नाही. खिडकीचं ग्रिल, बागेतला झोपाळा, व्याह्यांचं गेट, सगळ्याला नावं ठेवून झाली.

"वेल्ड म्हणजे रांगोळी नव्हे," असं मला सांगायचे. "मधला ढीग कसाही दिसू दे, तू कड बघ. कड पाइपात मुरलेली हवी. खाच नको, भोक नको. बास."

आमच्या गाडीच्या मानेवर, म्हणजे हँडलच्या खाली जिथे पाइप एकत्र येतात तिथे, असाच एक ढीग होता. जाड, वेडावाकडा. घरात आम्ही त्याला टेंगूळ म्हणायचो.

ती फ्रेम बाबांनी पास केली तेव्हा त्यांचे साहेब भडकले होते.

"काय हे ध्यान! कोण घेणार ही गाडी?"

"मी घेतो," बाबा म्हणाले.

आणि घेतली. आई तेव्हा नवी नवरी. तिला कंपनीच्या गेटवर बोलावून घेतलं, मागे बसवलं आणि थेट कर्वेनगरला घरी आणलं. आपण पास केलेल्या फ्रेमवर आपली बायको बसली पाहिजे, नाहीतर ती फ्रेम पास करू नये, असं त्यांचं सरळ म्हणणं होतं.

पुढे टाकीवर मी बसले. पुण्यातले खड्डे आणि स्पीडब्रेकर त्या टेंगळाने आयुष्यभर सोसले. केसाएवढी चीर कधी पडली नाही.

नोकरी संपल्यावर बाबा जुन्या गाड्यांच्या एका क्लबच्या शोमध्ये जज म्हणून जायचे. फ्रेम गुळगुळीत दिसली की तोंड वाकडं. "हे फॅक्टरीचं काम नाही. ब्युटी पार्लरचं आहे." क्लबची मंडळी खदाखदा हसायची. क्लबचा अध्यक्ष मंदार, त्याने तर या वाक्याचं रील केलं होतं. काकांसारखा माणूस होणे नाही वगैरे.

हाच तो मंदार.

आईला वर्षश्राद्धाच्या दिवशी बाबांच्या गाडीवर एकदा बसायचं होतं. मी चालवणार, ती मागे. हडपसरपर्यंत जायचं आणि परत यायचं. वर्षभर तिने दुसरं काही मागितलं नाही.

गाडी बंद होती. "काकू, मी करून आणतो," मंदार म्हणाला.

मी बजावलं, "टायर, ब्रेक, कार्ब्युरेटर. बाकी कशाला हात नको."

"ताई, निश्चिंत राहा."

आज जेवणं झाल्यावर गाडी आली. टेम्पोतून. हँडलला झेंडूचा हार. आई पार्किंगमध्ये पदर खोचून तयार उभी. चष्म्याला दोरी बांधली होती, उडू नये म्हणून.

मी मानेवर हात फिरवला. गुळगुळीत.

"मंदार, टेंगूळ कुठाय?"

"अगं ताई, किती रफ होतं ते! बघवत नव्हतं. क्लीन करून घेतलं. ट्रिब्यूट आहे ना, असं कसं ठेवणार? शोरूममध्येसुद्धा अशी नव्हती."

"हो ना. नव्हतीच."

मी वर जाऊन फ्रिजवरचं मॅग्नेट आणलं. मानेला लावलं. सरळ खाली पडलं. लोखंडाला मॅग्नेट चिकटतं, पुट्टीला नाही. किल्लीने खरवडलं तर रंगाखालून पांढरी भुकटी आली. पुट्टीच्या खाली वेल्ड जवळजवळ उरलाच नव्हता. दिसायला वाईट होता म्हणून घासून टाकला होता, आणि वर पुट्टी भरून गाल फुगवले होते.

ज्या जोडावर अख्खी गाडी उभी राहते, तो जोड. छान दिसावा म्हणून.

"चालवायची कुठे आहे आता," मंदार म्हणाला. "डिस्प्लेला ठेवू. काकांचा मोठा फोटो लावू मागे."

आई तिथेच उभी होती. पदर खोचलेला.

"मग नको का गं बसू?" तिने मला विचारलं.

मला सांगावं लागलं, "नको आई."

तिने पदर सोडला. मंदारला म्हणाली, "तो हार काढून घेऊन जा. ह्यांच्या फोटोला मी सकाळीच घातलाय." आणि जिना चढायला लागली. एकेक पायरी, कठड्याला धरून. मला ते बघवलं नाही.

आता कमेंटमध्ये 'ताई, पुन्हा वेल्ड मारून देतो' असं कुणी लिहू नका. मारता येतो, मलाही माहीत आहे. पण तो बाबांनी पास केलेला नसेल.

आणि 'भावना समजून घ्या' तर अजिबात लिहू नका. एका माणसाने आयुष्यभर जे ओरडून सांगितलं, ते त्याच्याच गाडीवर, त्याच्याच नावाने मोडायचं आणि वर हार घालायचा. यात कसली आली भावना? मला ओकारी येते.

बाबा, तुमची फ्रेम आज मी रिजेक्ट केली.

आई बसली नाही. रडली, पण सुखरूप आहे.

फार आठवण येते हो तुमची. नमस्कार करते.