औट हाताची वात

साडेतीनला आमच्या आईच्या तोंडी एकच शब्द होता, औट. शाळेत तो मला कोणी शिकवला नाही. चौथीच्या पुढची शाळा दुसऱ्या गावी होती. तिथे भाऊ गेला आणि मी आईसमोर जात्याला बसले. ती म्हणायची,

औट हाताचं हे घर, नाही कडी ना कुलूप
पाव्हणा उठून जाते, मागं उरे त्याचं रूप

"घराले कडी काहून नाही?" मी विचारलं.

तिनं पिठाचा हात माझ्या कोपराला लावला. "हे घर म्हंजे तूच व, येडे. कोपरापासून बोटापर्यंत एक हात. ज्याच्या त्याच्या हातानं मोजलं, तं लहान असो का मोठा, माणूस औटच भरते."

आमच्या घरात दहाव्याच्या दिव्याला गेलेल्या माणसाच्याच हातानं मोजलेल्या औट हात सुताची वात लावतात. म्हणून दोन वर्षांपूर्वी मी माहेरी गेले तेव्हा आईनं हात पुढे केला. मी तिच्या हातानं सूत मोजलं. हात वाळून काडी झाला होता. ती म्हणाली, "हे तुह्यापाशी ठेव. माह्या दिव्यात हेच लावजो. दुसऱ्याच्या हाताचं नको."

यंदा ती गेली. दहाव्याला भावानं मंडपात माईक लावला. तो मास्तर आहे, बोलतो छान. त्यानं ती ओवी म्हटली आणि औट समजावून सांगितला. औट हातांचा देह, ओंकाराच्या औट मात्रा, देवीची औट पीठं, औट घटकेचं राज्य. "हा शब्द माह्या मायनं मले जात्यावर देला," असं तो म्हणाला. बाया डोळे पुसत होत्या. जात्याला तो कधी बसलाच नव्हता.

मग दिव्याची वेळ झाली. त्यानं केनवडच्या बाजारातून आणलेलं सूत उघडलं आणि सगळ्यांसमोर स्वतःच्या कोपरापासून मोजायला लागला. एक, दोन, तीन, वर अर्धा.

मी उठले. आईचं सूत पदराखाली मुठीत होतं. पन्नास-साठ माणसं माझ्याकडे बघायला लागली.

"काय व, काय पाह्यजे?" भावानं विचारलं. माईक त्याच्या हातातच होता.

मी मुठीवर पदर ओढून घेतला. "काही नाही, भाऊ."

"मंग बस ना खाली. बायाइले मधामधातच उठा लागते," असं तो म्हणाला आणि लोक हसले. मी बसले.

त्याचा हात लांब. वात दिव्यात मावेना, तीन वेटोळी घालावी लागली. शेजारची म्हातारी म्हणाली, "पोरानं मायची वात कशी लांब केली, पाह्य!" ते कौतुक होतं. त्या दिव्यात जळला तो भाऊ होता, आई नव्हती. आणि हे माहीत असलेली एकटी मी, मांडी घालून बघत होते.

आसेगावला घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी मी चुलीशेजारी पणती ठेवली आणि आईचं सूत पदरावर पदर घेऊन, वळून लावलं. ते वळून इतकंसं झालं की लवकर संपलं.

नवरा आत आला. "दिवसा दिवा कायले लावला?"

"असाच," मी म्हटलं. तिथेही खरं बोलले नाही.